तीन पाळ्या आणि बाहेरची परीक्षा : अहिवारा-भिलाई परिसरातील नोकरदारांच्या अभ्यासाचा इतिहास

छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर अहिवारा हे छोटे शहर आहे आणि त्याला लागूनच नंदिनीची चुनखडीची खाण व खाण कामगारांची वसाहत आहे. या भागाचा अलीकडचा इतिहास भिलाई पोलाद कारखान्यापासून वेगळा काढता येत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात हा कारखाना उभारण्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्या भट्टीला लागणारी चुनखडी नंदिनीच्या उघड्या खाणीतून रेल्वेने जाऊ लागली. चुनखडी येथे अभिवाह म्हणून वापरतात. म्हणजे खनिजातील माती-वाळूसारख्या अशुद्ध भागाशी ती संयोग पावते आणि तो भाग मळीच्या रूपाने वितळलेल्या लोखंडावर तरंगू लागतो, त्यामुळे तो वेगळा काढता येतो. लोहखनिज दल्ली-राजहराचे, चुनखडी नंदिनीची आणि भट्टी भिलाईची, अशी ही साखळी होती. तिच्यातल्या प्रत्येक कडीवर हजारो माणसे दिवसरात्र कामाला होती आणि त्यांच्यातली पुष्कळ माणसे नोकरी करता करता कोणत्या ना कोणत्या परीक्षेचा अभ्यास करीत होती.

या अभ्यासाचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. कारखान्याचा इतिहास टनांच्या आकड्यांत लिहिला जातो, शिक्षणाचा इतिहास महाविद्यालयांच्या स्थापनेच्या तारखांत. त्या दोहोंच्या मधोमध कामावरून परतून पुस्तक उघडणारा माणूस राहून जातो. तो कोणती परीक्षा देऊ शकला आणि कोणती देऊ शकला नाही, हे बव्हंशी भट्टीच्या स्वभावावरून ठरले, हे येथे दाखवायचे आहे.

झोतभट्टी एकदा पेटली की आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर झिजेपर्यंत, म्हणजे वर्षानुवर्षे, ती विझवत नाहीत. ती थंड पडली तर आतला माल गोठून भट्टीच निकामी होण्याचा धोका असतो. त्यामुळे रविवार, दिवाळी किंवा मध्यरात्र यांपैकी काहीही तिच्या लेखी नसते. पहाटे सहा ते दुपारी दोन, दोन ते रात्री दहा आणि दहा ते पहाटे सहा अशा तीन पाळ्यांत कामगार विभागलेले असतात आणि या पाळ्या आळीपाळीने प्रत्येकाच्या वाट्याला येतात. एका आठवड्यात ज्याची संध्याकाळ मोकळी असते, त्याची पुढच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते आणि त्यानंतरच्या आठवड्यात नावापुरता दिवस मोकळा असतो, पण तो झोपेत जातो.

मराठी मुलखात नोकरदारांच्या शिक्षणाची जी परंपरा निर्माण झाली, तिचा पाया नेमका याच्या उलट होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा शेतकरी आणि मजूर उजेड असेतो राबतात व अंधार पडल्यावर त्यांना सवड मिळते, हे तिच्यामागचे गृहीत होते. फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि तिच्या लढ्याला यश येऊन १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, तेव्हा कामगाराच्या हाती प्रथमच एक ठरलेला, सर्वांचा एकच असा मोकळा दिवस आला. या सुट्टीचा विचार बहुधा विश्रांतीच्या अंगाने होतो. पण वाचनालये, सभा आणि वर्ग यांना तिच्यामुळेच वार मिळाला, हे तिचे फलित कमी मोलाचे नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरदार तरुणांना कचेरीत जाण्यापूर्वी शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. रात्रशाळा, रविवार आणि सकाळचे महाविद्यालय या तिन्ही व्यवस्था उदार होत्या, दूरदृष्टीच्या होत्या, पण तिन्हींना विद्यार्थ्याचे कामाचे तास रोज तेच असणे आवश्यक होते. गिरणीतल्या किंवा कचेरीतल्या माणसाला त्या पुरल्या. पाळी बदलणाऱ्या माणसाला मात्र ठरल्या वेळेचा कोणताही वर्ग तीन आठवड्यांतून फार तर एक किंवा दोन आठवडेच गाठता येतो, आणि ज्या वर्गाचा तिसरा हिस्सा हुकतो त्या वर्गाचे सूत्र हातून निसटते.

म्हणून भिलाई-नंदिनीसारख्या ठिकाणी खरी वाट दिली ती वर्गाने नव्हे, तर वर्गाविना होणाऱ्या परीक्षेने. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा बाहेरच्या उमेदवारांना खुल्या केल्या, तेव्हापासून ‘कुठे शिकलात’ याऐवजी ‘काय येते’ एवढेच विचारणारी परीक्षा ही कल्पना इंग्रजी अमलाखालील प्रदेशांत रुजत गेली. महाराष्ट्रात तिला बाहेरून परीक्षा देणे म्हणतात, छत्तीसगढात प्रायव्हेट परीक्षा. या भागाचे शैक्षणिक नाते आधी नागपूरशी होते. छत्तीसगढ १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, नंतर मध्य प्रांतात आला, आणि १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ हेच येथल्या मुलांचेही विद्यापीठ होते. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघाले, १९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विद्यापीठ झाले, आणि पदवीचे केंद्र टप्प्याटप्प्याने जवळ येत गेले.

या वाटेने गेलेल्यांपैकी दोन नावे सार्वजनिक इतिहासात आहेत. पहिले गजानन माधव मुक्तिबोध यांचे. मराठी घरात जन्मलेल्या या हिंदी कवीने १९३८ मध्ये इंदूरहून बी. ए. केले. त्यानंतर पोटापाण्यासाठी अनेक नोकऱ्या करीत ते नागपूरला आले आणि तेथे, चाळिशीकडे झुकलेल्या वयात, संसार व नोकरी सांभाळून नागपूर विद्यापीठाची हिंदीची एम. ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. १९५८ मध्ये छत्तीसगढातील राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. त्यांच्या लेखनाची मोठी निर्मिती ज्या थोड्या स्थिर वर्षांत झाली, त्या वर्षांना या उशिराच्या परीक्षेचा आधार होता, हे त्यांच्या चाहत्यांनीही फारसे ध्यानात घेतलेले नाही. दुसरे नाव शंकर गुहा नियोगी यांचे. बंगालमधून भिलाईला आलेला हा तरुण १९६० च्या दशकात कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात, म्हणजे दगडी कोळसा भाजून त्याचा कोक करणाऱ्या भट्ट्यांवर, कुशल कामगार होता आणि नोकरी करता करता दुर्गच्या विज्ञान महाविद्यालयातून बाहेरून शिकत होता. १९५८ मध्ये सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाला आज दुर्गचे स्वातंत्र्यसैनिक विश्वनाथ यादव तामस्कर यांचे नाव आहे. नियोगी पुढे दल्ली-राजहराच्या खाण कामगारांचे नेते झाले आणि सप्टेंबर १९९१ मध्ये भिलाईत त्यांची हत्या झाली. त्यांच्या संघटनेने शाळा आणि रुग्णालय चालवले, यामागे विद्यार्थी-कामगार म्हणून त्यांनी काढलेली ही वर्षे असावीत असे मानायला जागा आहे.

तंत्रज्ञांसाठी मात्र विद्यापीठाच्या पदवीपेक्षा दुसरीच एक परीक्षा अधिक महत्त्वाची होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही अभियंत्यांची व्यावसायिक संस्था १९२० मध्ये स्थापन झाली, १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली, आणि १९२८ पासून ती आपल्या सहयोगी सदस्यत्वासाठी परीक्षा घेऊ लागली. हीच ‘एएमआयई’. तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विभाग असत: पहिल्यात पायाभूत विषय, दुसऱ्यात यंत्र, विद्युत, स्थापत्य यांसारख्या निवडलेल्या शाखेचे विषय. दोन्ही विभाग पार करणाऱ्याला नोकरी व बढतीसाठी अभियांत्रिकी पदवीधराच्या बरोबरीचे मानले जाई. धातुशास्त्राच्या क्षेत्रात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स ही संस्था अशीच सहयोगी सदस्यत्वाची परीक्षा घेत असे, आणि पोलाद गावात तिला साहजिकच मान होता.

एएमआयईची रचना पाळीच्या माणसाला का मानवली, हे तिच्या तपशिलात दिसते. परीक्षा वर्षातून दोनदा होई आणि विषय सुटे सुटे सोडवता येत. उन्हाळ्यात दोन विषय, हिवाळ्यात एक, एखाद्या सत्रात घरी आजारपण किंवा कारखान्यात मोठी दुरुस्ती निघाली तर एकही नाही, अशा गतीने माणूस पाच-सात वर्षांत पैलतीर गाठू शके, आणि आधी सुटलेला विषय सुटलेलाच राही. नोंदणीच्या अर्जावर संस्थेच्या एखाद्या सदस्याची शिफारस लागे, म्हणून पदविकाधारक कामगाराला आपल्याच खात्यातल्या वरिष्ठ अभियंत्यासमोर अर्ज घेऊन उभे राहावे लागे. ही सही केवळ औपचारिक नव्हती. ज्याच्या हाताखाली काम करायचे त्याच्याच पंक्तीत बसण्याचा इरादा तीत उघड होई. अभ्यासाला गुरू म्हणजे पुस्तकच. ग्रेवाल यांचे उच्च गणित, खुर्मी यांची यंत्रशास्त्राची जाडजूड पुस्तके, आणि मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची, भारतात अतिशय स्वस्त मिळणारी, पक्क्या बांधणीची पुस्तके हे त्या पिढीचे शिदोरीचे सामान. चाळिशीतला फोरमन मुलाच्याच टेबलावर मुलासोबत कलनशास्त्राची गणिते सोडवतो, हे दृश्य त्या काळातल्या औद्योगिक वसाहतींत नवलाचे नव्हते.

नंदिनीच्या खाणीत याहून वेगळ्या जातीची परीक्षा होती आणि ती येथे थोडे थांबून पाहण्याजोगी आहे. १९५२ चा खाण कायदा आणि १९६१ चे धातुखनिज खाण विनियम यांनुसार खाणीत जबाबदारीच्या प्रत्येक पायरीवर सक्षमता प्रमाणपत्र लागत आले आहे. सक्षमता प्रमाणपत्र म्हणजे धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने परीक्षा घेऊन दिलेला परवाना. मेट, ब्लास्टर, फोरमन, सर्वेक्षक, द्वितीय वर्ग व प्रथम वर्ग व्यवस्थापक असे त्याचे प्रकार आहेत. नंदिनीसारख्या फक्त उघड्या खाणीपुरते मर्यादित प्रमाणपत्रही असते. या परीक्षांना बसायचे तर आधी खाणीत ठरावीक काळ काम केल्याचा दाखला लागतो, शिवाय प्रथमोपचाराचे आणि शारीरिक योग्यतेचे प्रमाणपत्रही. लेखी परीक्षेनंतर तोंडी परीक्षाही होते आणि तीत केवळ पाठांतर उघडे पडते. भोकात भरलेली दारू न उडाल्यास किती वेळ थांबायचे, त्या भोकाजवळ पुन्हा छिद्र घेण्याचे नियम काय, बाकाची, म्हणजे खाणीत पायऱ्यांसारख्या काढलेल्या थरांची, उंची आणि रुंदी किती ठेवायची, हे प्रश्न ज्याने खाणीत पावसाळा काढला आहे त्याला वेगळे वाचावे लागत नाहीत. त्याला फक्त आपल्या ठाऊक गोष्टींना कायद्याच्या कलमांची भाषा द्यावी लागते. या अभ्यासासाठी डी. जे. देशमुख यांचा खाण तंत्रज्ञानावरील बहुखंडी ग्रंथ देशभर वापरला गेला आणि तो नागपूरहून प्रकाशित झाला, ही मराठी वाचकाने अभिमानाने नोंदवावी अशी गोष्ट आहे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालयही नागपुरातच असल्याने, अडीचशेहून थोड्या अधिक किलोमीटरवरचे ते शहर नंदिनीच्या माणसांना परके नव्हते. सक्षमतेच्या परीक्षेत नोकरी हा अडथळा नसतो, ती पात्रताच असते. परीक्षा आणि काम यांचे इतके निकोप नाते अन्य कुठल्या परीक्षेत क्वचितच सापडेल.

१९८३ मध्ये ‘गेट’ ही परीक्षा सुरू झाली आणि चित्र बदलू लागले. ‘ग्रॅज्युएट ॲप्टिट्यूड टेस्ट इन इंजिनिअरिंग’ या नावाचे हे लघुरूप. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना, म्हणजे मुख्यतः एम. टेक.ला, प्रवेश देण्यासाठी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मिळून ती घेतात. तोवर संस्थागणिक चाचण्या आणि मुलाखती होत. आता देशभर एकच मोजपट्टी आली. हा बदल न्यायाचा होता, कारण दूरच्या गावातल्या, ओळखीपाळखी नसलेल्या उमेदवाराला संस्थेच्या दारापर्यंत खेटे न घालता आपली योग्यता दाखवता येऊ लागली. एएमआयई झालेल्यालाही गेटला बसता येई, आणि अशा रीतीने पदविकेवर कारखान्यात लागलेला माणूस, निदान कागदावर तरी, आयआयटीच्या एम. टेक.पर्यंत पोहोचू शकत होता. ही शिडी थोडक्यांनीच पुरती चढली असेल, पण ती होती, ही गोष्टच मोठी होती.

तरीही गेटचा पिंड वेगळा आहे. एएमआयईत उत्तीर्ण व्हायचे असते. गेटमध्ये क्रमांक लागतो. आरंभी तीत वर्णनात्मक उत्तरेही लिहावी लागत, २००३ पासून ती पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली आणि २०१४ पासून सर्व विषयांत संगणकावर होऊ लागली. तीन तास, १०० गुण, ६५ प्रश्न, बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश किंवा दोनतृतीयांश गुणांची कपात, हे आजचे तिचे स्वरूप. ती वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत, शनिवार-रविवारी होते आणि मिळवलेला गुणांक तीन वर्षे चालतो. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्या भरतीसाठीही हाच गुणांक वापरू लागल्यापासून स्पर्धा आणखी घट्ट झाली. अलीकडे दरवर्षी आठ लाखांहून अधिक उमेदवार नोंदणी करतात आणि त्यांतल्या अनेकांना एम. टेक. करायचेच नसते.

पाळीत काम करणाऱ्या उमेदवाराची अडचण येथे सुरू होते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो दुपारी घरी येतो, थोडा पडतो, संध्याकाळी तीन-चार तास बसतो, पण पहाटे साडेचारला उठायचे असल्याने नऊ वाजताच डोळे मिटू लागतात. दुसऱ्या पाळीचा आठवडा सर्वांत चांगला, कारण सकाळी सात ते बारा डोके ताजे असते. रात्रपाळीच्या आठवड्यात तो सकाळी झोपतो, पण दिवसाची झोप तुटक असते. शरीराचे आंतरिक घड्याळ सूर्याशी बांधलेले आहे, आणि त्याच्या यंत्रणेचा शोध लावणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नंदिनीच्या कामगाराला त्या शोधाचा निष्कर्ष देहाने आधीच ठाऊक होता. सावकाश, सुट्या विषयांनी पुढे सरकणाऱ्या परीक्षेत असा वाया गेलेला आठवडा भरून काढता येतो. ज्या परीक्षेत एका दिवशीच्या तीन तासांत चपळाईवर सारे ठरते, तीत मात्र सहा महिने रोज आठ तास बसलेल्या मोकळ्या उमेदवाराशी त्याची गाठ असते. ‘ड्रॉप घेणे’, म्हणजे परीक्षेसाठी वर्षभर नोकरी किंवा शिक्षण थांबवणे, ही चाल रूढ झाली ती यातूनच, आणि ती ज्यांना परवडते त्यांनाच परवडते. घरकामाचा भार बहुधा एकट्याने उचलणाऱ्या स्त्री अभियंत्याच्या वाट्याला तर दुसऱ्या पाळीतली ती ताजी सकाळही येत नाही.

उत्तीर्ण झाल्यावर दुसरा पेच उभा राहतो. गेटच्या बळावर मिळणारा एम. टेक. अभ्यासक्रम पूर्णवेळ असतो आणि त्याचे विद्यावेतन दरमहा १२,४०० रुपये. पगारावर घर चालवणाऱ्याला दोन वर्षे त्यात भागवणे कठीण. मालकाने पुरस्कृत केलेल्या उमेदवारांसाठी संस्थांत वेगळ्या जागा असतात, पण त्यासाठी काही वर्षांची सेवा, मालकाचे ना-हरकत पत्र आणि अभ्यासासाठी पूर्ण रजा लागते. कायम सेवेतल्या अधिकाऱ्याला ती मिळू शकते. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या अभियंत्याला मालकाचे असे पत्र मागण्याचीही सोय नसते. वर्गाविना होणारी परीक्षा देऊन शेवटी पूर्णवेळ वर्गातच जावे लागते, आणि तेथे नोकरी सोडणे ही प्रवेशाची न लिहिलेली अट होऊन बसते.

दरम्यान जुनी शिडी काढली गेली. ३१ मे २०१३ नंतर एएमआयईसाठी नोंदणी करणाऱ्यांची अर्हता केंद्र सरकारने पदवीसमान मानणे थांबवले. प्रयोगशाळेविना अभियंता घडत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद निराधार नव्हता. परंतु कोक ओव्हनवर किंवा खाणीच्या क्रशरवर, म्हणजे दगड फोडणाऱ्या यंत्रावर, पंधरा वर्षे काढलेल्या माणसाच्या हातांना कोणत्या प्रयोगशाळेची उणीव होती, याचा विचार त्या निर्णयात झालेला दिसत नाही. पदविकाधारकाला आता थेट गेट देता येत नाही आणि पूर्वीचा मधला टप्पाही उरलेला नाही.

योगायोग असा की याच काळात उच्च शिक्षण संस्था मात्र दाराशी आल्या. भिलाई आयआयटी २०१६ मध्ये रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तात्पुरती सुरू झाली, १४ जून २०१८ रोजी तिची पायाभरणी झाली आणि आता दुर्गनजीक कुटेलाभाठा येथे तिचा स्वतःचा परिसर आहे. ज्या जिल्ह्यातून गेट देऊन एम. टेक.साठी निघालेला माणूस पूर्वी खरगपूर, मुंबई किंवा नागपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय गाठे, त्याच जिल्ह्यात आयआयटी आली. आयआयटींचा ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम २००३ पासून चालू आहे. त्यातली व्याख्याने मोबाइलवर कोणत्याही पाळीनंतर ऐकता येतात आणि अर्धवट सोडून पुन्हा तेथूनच सुरू करता येतात, म्हणून मीरच्या पुस्तकांची जागा बऱ्याच अंशी त्यांनी घेतली आहे.

२०२३-२४ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी, कामाच्या ठिकाणापासून जवळच्या महाविद्यालयात, सोयीच्या वेळी चालणारे पदवी अभ्यासक्रम मान्य केले आहेत. पदविकेवर काम करणाऱ्यांसाठी हे दार पुन्हा किलकिले झाले, हे स्वागतार्हच आहे. मात्र सोयीची वेळ म्हणजे बहुधा संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस, आणि ती सोय ठरल्या वेळी सुटणाऱ्यांची आहे. पाळीनुसार वर्ग दोनदा घेणे, सकाळी शिकवलेला धडा त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा शिकवणे, आणि रात्रपाळीच्या आठवड्यातली हजेरी नंतर भरून काढू देणे, एवढे महाविद्यालयांनी केले तर भट्टीच्या गावात हे अभ्यासक्रम चालतील. न केले तर त्यांचा लाभ कचेरीतल्या कर्मचाऱ्यांपुरताच राहील आणि क्रशरवरचा पदविकाधारक अर्ज भरूनही पहिल्याच सत्रात हजेरीपायी गळेल.